जिन्याचं दुसरं तोंड

दिराने फोनवर केलेलं कौतुक सुनेने तासभर गाठीला बांधून ठेवलं. हिशेब साधा होता. या घरात कौतुक वर्षाकाठी एखाद्या वेळी यायचं, त्यामुळे ते हातात पडल्या पडल्या उधळून टाकणं शहाणपणाचं नव्हतं. ते सासऱ्यांसमोर काढायचं, आणि तेही चहाचा पहिला घोट त्यांच्या घशाखाली उतरल्यावर, सहज आठवल्यासारखं. सासरे चहा घ्यायचे पावणेअकराला. दिराचा फोन आला होता दहाला वीस मिनिटं कमी असताना. मधला सगळा वेळ ती आपल्या खोलीत काम करत बसली होती, पण ओठांवरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

कौतुक कशाचं, ते आधी सांगायला हवं.

हे घर पाणबुड्यांचं. समुद्रातून मोती काढणारे नव्हेत. धरणाचे दरवाजे, पुलांचे पाय, बंदराच्या भिंती यांची पाण्याखालची दुरुस्ती करणारे. मोठा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, पाण्यात उतरायचा. धाकटा, म्हणजे तिचा दीर, वर बसून त्याला हवेची नळी, दोर आणि हुकूम पुरवायचा. या दोघांच्या आधी सासरे उतरायचे. कामावरची माणसं अजूनही त्यांना मास्तर म्हणत. अडतिसाव्या वर्षी एकदा मास्तर खालून घाईने वर आले आणि डावा खुबा कायमचा गमावून बसले. खोल पाण्याच्या दाबाखाली माणसाच्या रक्तात हवा मुरते. सावकाश वर आलं तर ती श्वासावाटे निघून जाते. झटकन आलं तर सोड्याच्या बाटलीचं झाकण उडवल्यावर होतं तेच शरीरात होतं. फेस सांध्यात अडकला तर माणूस लंगडतो, पाठीच्या कण्यात अडकला तर उठतच नाही. म्हणून वर येताना ठरावीक खोलीवर ठरावीक मिनिटं लटकत थांबायचं असतं. कुठे थांबायचं आणि किती, यावर सगळं आयुष्य तोललेलं.

खुबा गेल्यावर मास्तर आठ महिने अंथरुणावर होते. दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावत बसला असता. मास्तरांनी नशिबाला बोल लावलेच, पण फावल्या वेळात पुस्तकं आणून प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि पाच छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. एकेकाने एकच काम करायचं आणि आपलं उत्तर पुढच्याच्या हाती द्यायचं: कुणी मोजलेली खोली सुधारून घ्यायचा, कुणी खोली आणि वेळ यांच्या तक्त्यातली नेमकी ओळ शोधायचा, शेवटचा थांबे सांगायचा. पाचांना मिळून नाव होतं जिना. काळा पडदा, पांढरी अक्षरं. चित्र नाही, बटण नाही. एक ओळ टाइप करायची, की खाली उत्तर हजर. वीस वर्षं माणसं या जिन्यावरून पाण्याबाहेर आली, आणि एकाचाही खुबा गेला नाही.

जिना होता मात्र अगदी बापावर गेलेला. मास्तर कुणाला मदत करायला कधी नाही म्हणाले नाहीत, पण कुरकुरल्याशिवाय त्यांनी कधी केलीही नाही. जिनाही तसाच. उत्तर द्यायचाच, पण पाणी गार असलं, काम जड असलं, आकडे काठावरचे असले, की उत्तराच्या आधी दोन ओळी बडबडायचा. "पाणी गार, काम जड. ही ओळ धरू नकोस, पुढची धर." मग तूच पुढची ओळ का देत नाहीस, असं दिराने लहानपणी विचारलं होतं. त्यावर मास्तरांनी त्याला सुनावलं होतं, की ओळ शोधायची यंत्राने, धरायची माणसाने. ज्याला हात आहेत त्याने डोकंही वापरावं.

दिराने डोकं वापरलं, ते असं: कुरकुर दिसली की पुढची, लांब थांब्यांची ओळ, नाही दिसली की हीच. बारा वर्षं त्याला एवढं पुरलं.

मग गेल्या वर्षी एका पुलाखाली जिन्याचा लॅपटॉप ओल्या फळीवरून घसरला आणि थेट नदीत गेला. मोठ्या मुलाने तो वर काढला, पण पाण्याखालून जिवंत परत यायचं कसं, ते लॅपटॉपला कुणी शिकवलेलं नव्हतं. जिना आता उरला फक्त घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, मास्तरांच्या खोलीत. दिराने धोशा लावला: वहिनी, हे सगळं माझ्या फोनवर आणून द्या. सून घरी बसून दवाखान्यांसाठी वेळा नोंदवण्याची ॲप बनवायची. या घरात त्या कामाला कुणी काम म्हणत नसे. जे करताना माणूस भिजत नाही ते काम कसलं, असा घराण्याचा समज.

मास्तरांनी अट घातली: "माझ्या प्रोग्रॅममधलं एक अक्षर बदलायचं नाही. डबा बदल. आतलं तेच राहू दे."

तिने अट पाळली, अक्षरशः पाळली. फोन स्वतःच्या ॲपबाहेरचा परका प्रोग्रॅम सहजासहजी चालू देत नाही, म्हणून पाचही जण फोनला कळतील असे पुन्हा बांधून ॲपच्या पोटात ठेवले. काळ्या पडद्यावर बोटांनी टाइप करायची ती ओळ ॲपने आतल्या आत लिहायची. वर माणसाला दिसायच्या चार चौकटी आणि एक हिरवं बटण. तीन महिने लागले. मग मास्तरांच्या वह्यांतल्या दोनशे जुन्या डुबक्या काढल्या. एवढ्याशा काचेत मला काय दिसणार, असं म्हणून मास्तरांनी फोन हातात घ्यायचं नाकारलं. मग तिने फोनवरचे आकडे मोठ्याने वाचले आणि त्यांनी वहीत पेन्सिलने खुणा केल्या. दोनशेच्या दोनशे जुळले. मास्तर म्हणाले, "बरं आहे." त्यांच्या तोंडून निघालेले हे दोन शब्द तिने तारखेसकट लक्षात ठेवले होते.

आज ॲपची पहिली खरी डुबकी. धरणाचा एक दरवाजा अडकला होता. त्याच्या कडेचं रबर बदलायचं होतं. उतरण्याआधी दिराने भिंतीच्या वरून फोन केला, कारण खाली, जिथे तो हवेच्या यंत्रापाशी बसायचा, तिथे फोनला रेंजच मिळत नसे.

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरला. सुनेने बिस्किटांची बशी पुढे सरकवली आणि सहज आठवल्यासारखं सांगितलं, की भाऊजींचा फोन होता, ॲपवर खूश आहेत.

"खूश?" मास्तर म्हणाले. "खूश व्हायला काय झालं त्याला? खाली तो नाही जायचा."

तिने एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडलं. मास्तरांच्या बोलण्यातला दहातला एक शब्द कामाचा असतो, हे गणित तिने लग्नानंतर सहा महिन्यांतच सोडवलं होतं. सासूबाई होत्या तेव्हा त्या बाकीच्या नवांचा अर्थ लावून द्यायच्या. त्या गेल्यावर नऊ शब्द असेच हवेत जायचे.

"म्हणाले, एका सेकंदात उत्तर देतं, आणि एका शब्दाची कुरकुर नाही. बाबांना डब्यात घातलं आणि बाबा गप्प झाले, म्हणाले." ती हसली. हे ऐकून सासरेही हसतील, निदान मिशीतल्या मिशीत, असा तिचा अंदाज होता.

मास्तरांनी कप बशीत ठेवला. "किती खोल?"

"एक्केचाळीस मीटर. पंचवीस मिनिटं."

"पाणी?"

"नऊ अंश, म्हणत होते. वरच्या डोंगरातून येतं ना ते."

"काम कुठलं?"

"रबर बदलायचं. जुनं चिकटलंय, खरवडावं लागेल."

मास्तर उठले. उठताना ते नेहमी खुब्याला, खुर्चीला आणि खुर्ची बनवणाऱ्याला शिव्या घालत. आज नुसते उठले, आणि काठी न घेता आपल्या खोलीत गेले. सून मागोमाग गेली. जुना कॉम्प्युटर दिवसभर चालूच असायचा. त्यांनी उभ्याउभ्याच एक ओळ टाइप केली आणि बाजूला झाले. पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आधी आली ती कुरकुर: पाणी गार, काम जड, ही ओळ धरू नकोस, पुढची धर. तिच्याखाली थांबे. सहा मीटरला नऊ मिनिटं, तीन मीटरला वीस.

"आता तुझ्या डब्यात दाखव."

तिने स्वतःच्या फोनवर ॲप उघडलं, तेच आकडे भरले, हिरवं बटण दाबलं. सहा मीटरला नऊ, तीन मीटरला वीस. टपोरी अक्षरं, स्वच्छ पांढरा पडदा. वर काहीही नाही.

का नाही, ते तिला त्याच क्षणी कळलं. काळ्या पडद्यावर चालणाऱ्या प्रोग्रॅमला दोन तोंडं असतात: एक उत्तराचं, दुसरं तक्रारीचं. पडद्यावर दोन्हींचं बोलणं एकाच जागी सांडतं, म्हणून बसणाऱ्याला वाटतं तोंड एकच आहे. डब्यात घालताना मात्र दोन्ही तोंडांना दोन वेगळ्या नळ्या जोडाव्या लागतात. तिने उत्तराच्या तोंडाची नळी पडद्याला जोडली. दुसऱ्या तोंडातून पहिल्याच दिवशी भसाभसा ओळी आल्या, पडदा भरून गेला, बटण खाली ढकललं गेलं. आठ वर्षं सासऱ्यांचं जे करत होती तेच तिने त्यांच्या प्रोग्रॅमचं केलं. एक छोटीशी ओळ लिहून दुसरं तोंड रिकाम्यात सोडून दिलं. पडदा काय सुरेख दिसला होता तेव्हा. प्रोग्रॅमचं एक अक्षर बदललं नव्हतं. चाचणीत तिने वाचले ते आकडे, आणि जुळले तेही आकडेच.

"बाबा, ते बोलतंय," ती म्हणाली. "मीच ऐकू येऊ देत नाहीये."

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा सत्तेचाळीस. मग ते बोटांवर मोजू लागले, आणि तीही मनात तेच मोजत होती. दहाला उतरला. दहा पंचविसाला तळ सोडला. सहा मीटरवरची नऊ मिनिटं संपवून आता तीन मीटरवर लटकलाय. दहा अठ्ठावनला दीर त्याला बाहेर घेणार.

"पुढच्या ओळीत किती?" तिने विचारलं.

"सहाला चौदा, तीनला अडतीस." त्यांना टाइप करावं लागलं नाही. "सहाचे पाच तर बुडाले. ते परत खाली पाठवून मिळत नाहीत. तीनलाच वाढवायचे. साडेअकरापर्यंत त्याला तीनवरून हलवायचं नाही."

"आणि हलवलं तर?"

मास्तर टेबलाचा खण उघडू लागले. दाबाची टाकी, ज्यात अशा माणसाला पुन्हा कोंडून फेस जिरवतात, ती धरणापासून पाच तासांवर होती. हे या घरातल्या सगळ्यांना पाठ होतं.

तिने दिराला फोन लावला. तो आवाक्याबाहेर होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच, त्याच गोड आवाजात. मास्तर टेबलाच्या खणातून जुनी वही काढून पानं उलटत होते. धरणाच्या नियंत्रण खोलीत तारेचा फोन होता. तिथून दरवाजे वरखाली करणारा माणूस, सगळे ज्याला दरवाजेवाला म्हणत, मास्तरांच्या ओळखीचा होता. आकडे पेन्सिलीचे, पुसट झालेले. शेवटचा तीन की आठ, कळेना. आठ लावला तर कुठल्या तरी गोदामातल्या बाईंनी उचलला आणि सावकाश, सविस्तर सांगितलं की हे गोदाम आहे. तीन लावला. दहा त्रेपन्न.

दरवाजेवाल्याने सातव्या घंटेला उचलला. मास्तरांनी फोनचा आवाज मोठा करायला लावला आणि दोन वाक्यांत सांगितलं, की धाकट्यापाशी जा, मोठ्याला वर घेऊ नकोस म्हणावं, साडेअकरापर्यंत तीन मीटरवरच ठेव.

"मास्तर, पाण्यात माणूस असताना मी खुर्ची सोडत नाही," दरवाजेवाला म्हणाला. "हा नियम तुम्हीच घालून दिलाय. भिंतीवर लिहिलाय. खाली तुमची सही आहे."

 बरोबर होतं ते. दरवाजाच्या तोंडाशी माणूस असताना वरच्या बटणांपाशी कुणी नसणं, याहून मोठा गुन्हा या धंद्यात नव्हता.

"खिडकीतून दिसतात का ते?" सुनेने विचारलं.

दिसतात, पण सत्तर पावलं लांब आहेत, वारा आहे, आणि हवेचं यंत्र घरघरतंय, असं तो म्हणाला. ओरडून उपयोग नाही. मग स्वतःच म्हणाला, की भोंगा आहे. दरवाजे उघडण्याआधी खालच्या गावांना सांगायला ठेवलेला. त्याचा माइक हाताशीच आहे, पण तो कामाच्या सूचनांसाठी आहे, घरगुती निरोपांसाठी नाही.

"ही कामाचीच सूचना आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका खाली गेला होता, की दरवाजेवाल्याने पुढे वाद घातला नाही.

फोनमधून भोंग्याचा घोगरा आवाज त्यांना इकडेही ऐकू आला. दरवाजेवाला दरबारात उभा असल्यासारखा बोलत होता: मास्तरांचा निरोप आहे, माणूस वर घेऊ नये, साडेअकरापर्यंत खाली ठेवावा. मग खुर्ची करकरली.

"ऐकलं त्यांनी," तो फोनवर म्हणाला. "हात हलवला. असू दे, असू दे, असा."

 या हाताची किंमत सून आणि सासरे दोघांनाही ठाऊक होती. मास्तरांनी घरी बसून डुबकी थांबवायला सांगायची ही पहिली वेळ नव्हती. एकदा वारा पडला म्हणून, एकदा वारा सुटला म्हणून, एकदा तर नुसतं सकाळपासून बरं वाटत नाहीये म्हणून त्यांनी निरोप धाडले होते. असे सात निरोप झाले होते, आणि सातही वेळा काही झालं नव्हतं. दिराने आठवा निरोपही त्याच रांगेत ठेवला. फोनवर स्वच्छ, न कुरकुरणारा आकडा आहे. भोंग्यातून म्हाताऱ्याची कुरकुर येतेय. कुणाचं ऐकणार तो?

दहा छप्पन्न.

मास्तर फोनकडे हात पुढे करून पुन्हा बोलणार होते. तिने फोन उचलून तोंडाशी धरला.

"पुन्हा सांगा त्यांना," ती दरवाजेवाल्याला म्हणाली. "बाबांचं नाव घेऊ नका. सांगा, वहिनी म्हणतेय. ॲप चुकलंय. चूक माझी आहे."

"असंच सांगू?"

"असंच सांगा. लवकर."

हे शब्द तिला जड गेले नाहीत, असं म्हणणं खोटं होईल. या घरात तिच्या नावावर जमा होती ती ही एकच गोष्ट, तीन महिन्यांची, आणि ती आता भोंग्यावरून जाणार होती. आठ वर्षांत तिने चूक कबूल केल्याची नोंद कुणाकडेच नव्हती. भाजी करपली तर गॅस मोठा असायचा, चावी हरवली तर ती कुणीतरी उचललेली असायची. नवरा यावरून तिला चिडवायचा, आणि दीर त्यात भर घालायचा.

भोंगा पुन्हा खरखरला. दरवाजेवाल्याने निरोपात काटछाट करायची नाही, हे व्रतच घेतलं असावं. धरणाची भिंत, खालचं खोरं आणि त्यात जी काही गावं असतील ती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने जाहीर केलं: "ॲप चुकलेलं आहे. चूक वहिनींची आहे. वहिनी स्वतः तसं म्हणतात."

तिने डोळे मिटले होते. घड्याळाचा काटा तिला न बघताही दिसत होता.

"दोरावर हात होता त्यांचा," दरवाजेवाला म्हणाला. "काढला. इकडे बघतायत." मग थोड्या वेळाने, "यंत्रापाशी बसले. माइकमध्ये खाली काहीतरी बोलतायत. आता मला बोटं दाखवतायत. अकरा आणि अर्धा. बरोबर का, विचारतायत."

"बरोबर," मास्तर आणि सून एकदमच म्हणाले.

तेहेतीस मिनिटं काढायची होती. दरवाजेवाल्याने फोन खाली ठेवला नाही आणि त्यांनीही ठेवला नाही. नऊ अंशांच्या पाण्यात माणूस हालचाल न करता लटकत राहिला की थंडी हाडांत शिरते; बोटं आधी जातात, मग डोकं. मास्तर भोंग्यावरून धाकट्याला सूचना पाठवत राहिले. त्याला बोलतं ठेव. पाढे म्हणायला लाव. बोटं उघडझाप करायला लाव, उतावीळ होऊ देऊ नकोस. दरवाजेवाला प्रत्येक सूचना शब्दाला शब्द सांगायचा आणि धाकट्याने बोटांनी केलेल्या खुणा खिडकीतून बघून परत कळवायचा. पाढे तेरापर्यंत गेलेत. सतराला अडलेत. अडले म्हणजे गार पडलाय की मुळातच येत नाही? मास्तरांनी सुनेकडे पाहिलं.

"मुळातच येत नाही," ती म्हणाली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी सूचना संपल्या. मास्तर पलंगाच्या कडेवर बसून राहिले. त्यांच्या पुढ्यात दोनशे खुणांची वही होती. तिला वाटलं, आता सुरू होतील: डबा, ॲप, काच, आजकालची पोरं. तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मास्तर नखाने एकेका खुणेवरून पुढे जात राहिले, जणू त्यातली एखादी तरी चुकीची सापडेल.

"मी एकदाही विचारलं नाही," शेवटी ते म्हणाले. "दोनशे वेळा आकडा ऐकला. एकदाही विचारलं नाही, की वरची ओळ काय म्हणते." मग वही मिटली. "वाचलास तर बरं, एवढंच आता." हे ते तिच्याशी बोलत नव्हते.

साडेअकराला दोन मिनिटं जास्तच होऊ दिली, असं दरवाजेवाल्याने कळवलं. मग तो बोलत गेला, आणि ती एकेक शब्द धरत गेली. दोर ओढतायत. डोकं वर आलं. शिडीवर घेतायत. शिरस्त्राण काढलं. ओठ निळे आहेत. बसवलं. ऑक्सिजन लावला. कांबळं गुंडाळलं.

"बोलतोय का?" तिने विचारलं.

"बोलतायत. यंत्र बंद झालंय, इथवर ऐकू येतंय. तुमच्या दिराला शिव्या देतायत."

पण शिव्या देता येणं म्हणजे सुटलो, असं नव्हे, हे मास्तरांनी तिला आधीच सांगितलं होतं. फेस कधी कधी उशिरा बोलतो. त्यांनी अर्धा तास जाऊ दिला, मिनिटामिनिटाने. मग दरवाजेवाल्याला म्हणाले, की आता पाण्यात कुणी नाही, तू खुर्ची सोडू शकतोस, पण सोडू नकोस, खिडकीतूनच बघ आणि मला सांग. भोंग्यावरून धाकट्याला सांग, त्याला उभा कर. दोन्ही पाय ओट्यावर घट्ट टेकू दे, दोन्ही तळव्यांना सारखंच गार लागतंय का विचार. लागतंय, असं उत्तर आलं. डोळे मिटून नाकाला बोट लाव. लावलं.

"आता एका पायावर. डोळे मिटून. तीसपर्यंत मोज. आधी उजवा."

दरवाजेवाला मोजू लागला. त्याचा आकडा घड्याळासारखा पडायचा, ना घाई ना आळस. उजव्या पायावर तीस झाले.

"डावा."

मास्तरांचा हात स्वतःच्या डाव्या खुब्यावर गेला होता. त्यांना ते कळलं नसावं.

एक, दोन, तीन. सून भिंतीला टेकून उभी होती. नऊ, दहा, अकरा.

"चौदा," दरवाजेवाला म्हणाला. "पाय टेकला."

  दाबाची टाकी पाच तास लांब. रस्त्यात एक घाट.

"पायात काय आहे त्याच्या?" सूनच बोलली.

दरवाजेवाल्याने बघितलं. डाव्या पायात ओला मोजा होता, उजव्यात काहीच नाही, आणि ओटा धुतल्यासारखा ओला होता.

"मोजा काढ म्हणावं. खाली कोरडं पोतं टाकायला सांगा. पुन्हा. डावाच."

भोंगा खरखरला. पोतं शोधायला वेळ लागला. तो सगळा वेळ फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता. मग दरवाजेवाल्याने घसा साफ केला आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. दहा झाले. चौदा झाले. पंधरा. बावीस. मास्तरांचे ओठ आकड्यांबरोबर हलत होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

थांब, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय थांबणाऱ्यांतला तो नव्हता. एकतीस, तो म्हणाला, बत्तीस, तेहेतीस. चाळिशी ओलांडली तरी या खोलीतल्या दोघांपैकी कुणीही त्याला थांबवलं नाही.